आगळाचा रंग

कोकमाचे आगळ पाहिले की आमच्या मनात अद्यापि एक धास्ती उभी राहते. गोव्याकडील माणसाने असे म्हणावे हे विपरीतच. ज्या घरात सोलकढीवाचून उन्हाळा सरत नाही, त्या घरच्या कर्त्या पुरुषाला आगळाच्या बाटलीकडे पाहवू नये, ही चारचौघांत बोलण्यासारखी गोष्ट नव्हे. आणि आम्ही ती बोललोही नाही. परंतु न बोलण्यापायीच जे घडले ते घडले, म्हणून आज ते लिहून काढण्याचे योजिले आहे.

आमचे वडील १९६२ साली नोकरीच्या निमित्ताने सिल्वासास आले. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीजांच्या हातून सुटले होते, आणि दादरा व नगर हवेली भारतात रीतसर सामील होऊन (११ ऑगस्ट १९६१) वर्षही पुरते लोटले नव्हते. आमचे बालपण दमणगंगेच्या काठी, वारल्यांच्या तारप्याचे सूर रात्रीबेरात्री ऐकत गेले. येथील कोकणा लोक आपल्या भाषेला कोकणी म्हणतात, आणि आम्हीही घरात कोकणीच बोलतो. दर शिरगणतीच्या वेळी या दोन कोकणी एक नव्हेत हे समजावून सांगता सांगता आमच्या वडिलांचा अर्धा दिवस जाई. असो.

आमची थोरली बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, वैधव्य आल्यावर १९९६ साली आमच्याकडे राहावयास आली. देवाच्या वाती वळाव्या, उत्सवाला गोव्यास गेली की देवळाच्या रांधपघरात नैवेद्याच्या स्वयंपाकाला हात लावावा, यापलीकडे तिला हौस नव्हती. २०१३ च्या पावसाळ्याअखेर एके दिवशी फोडणीचे कढत तेल तिच्या मनगटावर उडाले, कातडी पोळून फोड आला, आणि तिला ते कळलेच नाही. आमच्या सौ.ने फोड दाखविला तेव्हा ती स्वतःच चकित झाली. त्याच जागी एक फिकट चट्टा होता. पाठीवर व मांड्यांवर तसेच आणखी निघाले. तपासणीअंती जे नाव कानी पडले ते ऐकून आमच्या घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही.

कुष्ठरोग. आमच्या आजीच्या तोंडी त्याला महारोग हाच शब्द असे, आणि तोही दार लावून उच्चारावयाचा. दादरा व नगर हवेलीत त्या सुमारास या रोगाचे प्रमाण देशात सर्वांत अधिक गणल्या गेलेल्या प्रदेशांतले होते, हे आम्ही वर्तमानपत्रांत वाचीत होतो, परंतु तो रोग दुधनीच्या किंवा खानवेलच्या पाड्यांवरचा, आमच्या उंबऱ्याबाहेरचा, अशी आमची सोयीस्कर समजूत होती. रोगजंतू शरीरात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. तेव्हा अक्काला तो कोठे जडला हे विचारण्यात अर्थ नव्हता. तरीही आम्ही मनातल्या मनात धुणेभांडी करणाऱ्या बाईकडे वाकड्या नजरेने पाहिले, हे येथे कबूल करणे बरे.

औषध फुकट मिळत होते, सरकारी आरोग्यसेविका घरी आणून देत होती. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेली ही बहुविध औषधांची पद्धत आहे. डॅप्सोन रोज, क्लोफाझिमीन रोज, आणि महिन्यातून एकदा सेविकेच्या डोळ्यांदेखत रिफाम्पिसिनच्या दोन लाल कॅप्सूल व क्लोफाझिमीनची मोठी मात्रा. अशा बारा मासिक मात्रा, जास्तीत जास्त अठरा महिन्यांत. कुष्ठाचा जंतू अतिशय मंदगतीने वाढणारा, एकाचे दोन व्हावयास त्याला बारा-चौदा दिवस लागतात, आणि रिफाम्पिसिनची एकच मात्रा त्यांतील बहुतेकांचा निकाल लावते, म्हणून ते रोज देण्याची गरज पडत नाही. पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्यास लागण होण्याचे भय उरत नाही. सेविकेने हे सारे सांगितले. तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, या कॅप्सूलने लघवी लाल-नारिंगी होईल, घाबरू नये. दुसरी अशी की, ताप भरला, कंबर दुखू लागली किंवा लघवी कमी झाली तर मात्र त्याच दिवशी कळवावे. आम्ही पहिली लक्षात ठेवली.

अक्काने वाती वळणे आपणहून सोडले. कोणी तिला म्हटले नव्हते. क्लोफाझिमीनने कातडी तांबूस-काळी पडते, तशी तिची पडू लागली. नातलगांनी विचारले तर सिल्वासाचे ऊन लागले म्हणून आम्ही सांगत असू. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशा तीन मात्रा सुरळीत पार पडल्या. फेब्रुवारीत भाचेनातवाची मुंज निघाली. अक्का गोव्यास गेली, आणि औषधाची पट्टी पिशवीत कोणाच्या दृष्टीस पडेल या भीतीने ती येथे कपाटातच ठेवून गेली. आम्ही ते जाणत होतो. चार दिवसांची मुंज, परंतु पाहुणचारात तिचे तीन महिने गेले. मे महिन्यात परत आल्यावर पुन्हा औषध सुरू झाले. जूनच्या मात्रेनंतर संध्याकाळी तिचे अंग किंचित कसकसले. पावसात भिजली असेल असे आम्ही म्हटले.

जुलै २०१४. सकाळी दहाच्या सुमारास तिने सेविकेसमोर मात्रा घेतली. एक वाजता जेवावयास बसली ती ताटावरून उठली. "बाबू, म्हाका हींव आयलां," इतकेच म्हणाली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते, मग ताप चढला, कंबरेत मोडून आल्यासारख्या कळा येऊ लागल्या, उलटी झाली. चार वाजता न्हाणीघरातून आली ती भिंतीला धरून. "आगळाभशेन दिसता," ती म्हणाली. आणि आम्ही, विद्याविभूषित म्हणविणारे आम्ही, तिला म्हणालो, "लाल होतेच, सेविकेने सांगितले आहे ना? घाबरू नको."

रिफाम्पिसिनची लघवी कशी असते? संत्र्याच्या सालीच्या रंगाची, आणि आरपार दिसणारी. त्या दिवशीची तशी नव्हती. ती काळपट तांबडी होती, आगळासारखी. हा भेद ज्याने दोन्ही पाहिले त्याच्या डोळ्यांत आयुष्यभर राहतो, परंतु आमच्या कानात एकच शब्द भरला होता, लाल, आणि त्या शब्दाने डोळे झाकले.

संध्याकाळी एका खाजगी डॉक्टरांना बोलाविले. पावसाळ्याचे दिवस, हुडहुडी भरून आलेला ताप. त्यांनी मलेरियाचा संशय घेणे स्वाभाविकच होते. त्यांनी रक्ताचा नमुना घेतला आणि विचारले, "यांना कसले औषध चालू आहे का?" अक्काने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "नाही. रक्तदाबाचेसुद्धा नाही."

ते वाक्य आम्ही का उच्चारले याचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि वाचकांसही असेल. डॉक्टर आमच्या गल्लीतले होते.

सकाळी तिचे डोळे पिवळे झाले होते. रात्रभरात लघवी वाटीभरदेखील झाली नव्हती. सतराअठरा किलोमीटरवर वापी, तेथे नेले, आणि तेथून त्याच दिवशी मुंबईस हलविले. हिमोग्लोबिन अकरावरून सहावर आले होते. बिंबिका, म्हणजे ज्यांना आज सारे प्लेटलेट म्हणतात, त्या इतक्या घटल्या होत्या की रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधला त्या जागी दंडावर जांभळे ठिपके उठले. मूत्रपिंडांनी काम थांबविले होते. मलेरियाचे जंतू रक्तात नव्हते. दोनदा वेगवेगळ्या डॉक्टरांनी औषधांविषयी विचारले, आणि दोनदा आम्ही नाही म्हटले. वयाची साठी ओलांडलेल्या माणसाचा हा हट्ट होता. तिसऱ्यांदा एक तरुण डॉक्टरीण हातात कागद घेऊन आली आणि म्हणाली, "काका, कूम्ब्स चाचणी पॉझिटिव्ह आहे. यांच्या रक्तपेशी कोणत्यातरी औषधामुळे फुटत असण्याची शक्यता मोठी आहे. औषध कोणते ते कळल्याशिवाय आम्ही अंधारात आहोत." तेव्हा आम्ही नाव सांगितले. आम्हांस वाटले होते ती एक पाऊल मागे सरेल. ती म्हणाली, "रिफाम्पिसिन? महिन्यातून एकदा? मध्ये खंड पडला होता?" आणि खाटेवर बसून लिहू लागली.

ही कूम्ब्स चाचणी काय असते ते आम्ही पुढे जिज्ञासेने जाणून घेतले. केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स यांनी मूरंट व रेस यांच्या साहाय्याने १९४५ साली ती प्रसिद्ध केली. युद्धकाळातील अंधुक दिव्यांच्या आगगाडीत लंडनहून परतताना तिची कल्पना आपणांस सुचली, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. रोग्याच्या रक्तपेशी धुऊन घ्यावयाच्या, आणि माणसाच्या प्रतिपिंडांना चिकटणारे द्रव्य त्यांत मिसळावयाचे. पेशींवर प्रतिपिंडांचा लेप बसला असेल तर त्या एकमेकींना धरून गोळा होतात. शरीराने आपल्याच रक्तावर हत्यार उचलले आहे, हे डोळ्यांना दिसते. आपल्याकडे या विद्येची परंपरा जुनी आहे. ज्याला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात तो १९५२ साली मुंबईतच सापडला, आणि परळला १९५७ साली रक्तगटांचे जे संदर्भकेंद्र निघाले तीच आज रक्ताच्या अशा आजारांची राष्ट्रीय संस्था आहे.

परंतु शरीर असे का करते? डॉक्टरीणबाईंनी आम्हांस जे समजाविले ते आमच्या भाषेत सांगतो. औषधाचा कण इतका लहान असतो की शरीराची रक्षणव्यवस्था त्याला एकट्याने ओळखत नाही. तो एखाद्या पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन बसला म्हणजे त्या जोडीचे रूप परके दिसू लागते, आणि त्या जोडीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती तयार व्हावयास वेळ लागतो. म्हणून पहिली मात्रा बहुधा निरुपद्रवी जाते. औषध शरीरातून निघून गेले तरी प्रतिपिंडे राहतात, आणि मध्ये जितका खंड पडावा तितकी पुढची मात्रा अवचित गाठते. रोज घेणाऱ्याच्या शरीरात औषध व प्रतिपिंडे यांचा एक समतोल राहतो असे दिसते. अधूनमधून घेणाऱ्यास किंवा सोडून पुन्हा सुरू करणाऱ्यास धोका अधिक. रिफाम्पिसिनच्या बाबतीत तर रक्तपेशींवर ‘आय’ नावाची जी एक खूण असते, तिच्या आधाराने हा हल्ला होतो, आणि तीच खूण मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांच्या पेशींवरही आढळते. म्हणजे एकाच बाणाने दोन लक्ष्ये. त्यात फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्य वाहत येऊन त्या नलिकांत साचते ते वेगळेच. ते रंगद्रव्यच अक्काला आगळासारखे दिसले.

असे करणारे औषध एकटे रिफाम्पिसिन नव्हे. किनाईन घेतल्यावर अंगावर जांभळे ठिपके उठतात हे एकोणिसाव्या शतकातच नोंदले गेले होते. लंडनच्या अ‍ॅक्रॉइड यांनी १९४९ साली सेडॉर्मिड नावाच्या झोपेच्या औषधाचा अभ्यास करून दाखविले की, रोग्याच्या रक्तरसात औषध घातले तरच बिंबिका नष्ट होतात, एरवी नाही. पेनिसिलीन, आणि आजकाल ज्याच्या सुया सर्रास टोचल्या जातात ते सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, वेदनाशामक डायक्लोफिनॅक, ही सारी त्या यादीत आहेत. लाखो लोक ती घेतात आणि बरे होतात, एखाद्याच्याच वाट्याला हे येते. डॅप्सोनही रक्तपेशी फोडते, पण ते थेट, प्रतिपिंडांवाचून, आणि जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य ज्यांच्या पेशींत उपजत कमी असते त्यांना विशेष. या भागातील आदिवासींत ही उणीव आढळते. अक्काची ती तपासणी केली, ती निर्दोष निघाली. सगळा दोष त्या दोन लाल कॅप्सूलांकडे आला.

त्या कॅप्सूलांचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पाइनच्या वनातून आणलेल्या मातीत मिलानच्या लेपेटिट कंपनीतील पिएरो सेन्सी व त्यांच्या सहकाऱ्यांना तिचे मूळ द्रव्य सापडले. त्या काळी गाजत असलेल्या ‘रिफिफी’ या चोरीच्या चित्रपटावरून त्यांनी त्याला लाडके नाव दिले. १९६५ साली त्यातून रिफाम्पिसिन सिद्ध झाले. क्षय आणि कुष्ठ या दोन्ही रोगांशी इतके समर्थपणे लढणारे दुसरे औषध आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. ज्याने आमच्या बहिणीला मरणाच्या दारी नेले त्याच औषधाने या देशातील लक्षावधी माणसांची बोटे वाचविली आहेत. हे दोन्ही एका वेळी मनात धरणे आम्हांस फार दिवस जमले नाही.

मुंबईत अकरा दिवस अक्काच्या मूत्रपिंडांनी मौन धरले. दिवसाआड डायलिसिसच्या यंत्राला जोडीत. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहत असू. गोव्याहून धाकटा भाऊ आला, त्याला काय झाले ते सांगावेच लागले. तो रागावला तो रोगावर नव्हे, आम्ही डॉक्टरांना नाही म्हटले त्यावर. बाराव्या दिवशी परिचारिकेने येऊन सांगितले की अडीचशे मिलिलिटर झाली. एवढ्या गोष्टीसाठी दोन प्रौढ भावांनी एकमेकांचे हात धरले, हे कोणास हास्यास्पद वाटेल तर वाटो. महिन्याभरात ती घरी आली, मूत्रपिंडे पूर्ववत होऊन. वेळेवर यंत्राचा आधार मिळाला तर या आजारात बहुतेकांची होतात. मात्र रिफाम्पिसिन पुन्हा जन्मात घ्यावयाचे नाही. तिला ओफ्लोक्सासिन, मिनोसायक्लिन व क्लोफाझिमीन अशी दुसरी औषधे लावून दिली, बारा महिन्यांच्या ऐवजी एकंदर दोन वर्षे. डॉक्टरीणबाईंनी एक जाड कागदाचा तुकडा करून दिला, त्यावर मोठ्या अक्षरांत औषधाचे नाव, झालेला विकार, आणि ‘कधीही देऊ नये’. पहिल्या दिवशी आम्ही तो आमच्या पाकिटात ठेवू लागलो, तर अक्काने हात पुढे केला आणि तो आपल्या बटव्यात ठेवला, वातींच्या कापसाबरोबर.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून कुष्ठरोग हे काडीमोडाचे कारण होते. ते २०१९ साली काढून टाकले. चौसष्ट वर्षे. औषध सापडून, रोग बरा होऊ लागून, बाबा आमट्यांसारख्यांनी आयुष्ये वेचूनदेखील कायद्याला इतका वेळ लागला, तेव्हा आमच्या जिभेला लागला यात नवल नाही. नवल नाही म्हणजे क्षम्य आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही.

पुढल्या वर्षी, २०१५ साली, सिल्वासात एक नवा उपक्रम सुरू झाला. ज्या घरात कुष्ठरोगी सापडला त्या घरातील व शेजारच्या निरोगी माणसांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा देऊन रोगाला आधीच अडवावयाचे. जगातील काही मोजक्या देशांत हा प्रयोग झाला, आणि भारतात त्यासाठी निवडलेला प्रदेश दादरा व नगर हवेली हाच होता. बांगलादेशात केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा एका मात्रेने पहिल्या दोन वर्षांत संपर्कातील माणसांमधील रोग ५७ टक्क्यांनी कमी झाला होता. तीच आरोग्यसेविका आमच्या दारी आली. तिने विचारले, गेल्या दोन वर्षांत कोणी हे औषध घेतले आहे का, यकृताचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे का, क्षयाची लक्षणे आहेत का. मग तिने यादी पुढे केली आणि शेजारच्या घरांची नावे विचारली. म्हणजे शेजाऱ्यांना सांगावे लागणार. आमची सौ. म्हणाली, "सांगू की." आणि तीच प्रथम शेजारी गेली.

कॅप्सूल तळहातावर आली तेव्हा आमचा हात कापला हे लपविण्यात अर्थ नाही. पहिल्याच मात्रेला प्रतिपिंडे कोठून असणार, हा सारा युक्तिवाद आम्हांस पाठ होता. पण अक्काच्या दंडावरचे जांभळे ठिपके युक्तिवाद ऐकत नाहीत. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पाण्याचा तांब्या आमच्यापुढे ठेवला. आम्ही कॅप्सूल गिळल्या. सौ.ने गिळल्या. सेविकेने वहीत खूण केली आणि ती पुढच्या घरी गेली.

दुपारी न्हाणीघरातून बाहेर येतो तो अक्का दारातच. "रंग कसो आसा?" तिने विचारले. आम्ही म्हटले, "नारिंगाच्या सालीसारखा." तिचा विश्वास बसला नाही. पुढच्या वेळी तिने एक काचेची बाटली हातात दिली, आणि मग ती बाटली खिडकीच्या उजेडात धरून पलीकडचा आंबा दिसतो का ते नीट पाहिले. दिसला. तरी संध्याकाळपर्यंत दर तासाला ती येऊन आमच्या कपाळावर हात ठेवीत होती, आणि रात्री नऊ वाजता, पुन्हा एकदा हात ठेवून झाल्यावर, तिने पाट मांडला व म्हणाली, "आतां जेव."